मुर्ध्याच्या दादूसने पास केलेले हेडसेट

मुर्ध्याच्या दादूसने मला सहा वर्षं फसवलं. त्याला उजव्या कानाने काहीच ऐकू येत नव्हतं, डाव्याने जेमतेम, आणि माझ्या दुकानातून गेलेला प्रत्येक हेडसेट त्यानेच कानाला लावून पास केला होता. हे आधीच सांगून टाकते. पुढे त्याच्याबद्दल चार बरे शब्द लिहिले गेले, तर मी हे विसरले असं कुणी समजू नये.

माझं दुकान गोडदेवला आहे, नाक्यापासून आत, ग्रिल बनवणाऱ्याच्या बरोबर समोर. हेल्मेट, गमबूट, सेफ्टी बेल्ट, टॉर्च, वॉकीटॉकी, आणि वॉकीटॉकीला जोडायचे हेडसेट, म्हणजे हात मोकळे ठेवून बोलता यावं म्हणून डोक्याला लावतात ते. मीरा-भाईंदरमध्ये जिथे टॉवर क्रेन उभी आहे तिथे एकतर माझा माल गेलेला आहे, नाहीतर माझा माल का घेतला नाही यावरून माझं भांडण झालेलं आहे. वडील चिपळूणकडून आले, आयुष्यभर एका गोडाऊनवर वॉचमन राहिले. मी फुटपाथवर टेबल टाकून जुने गमबूट विकण्यापासून सुरुवात केली. मला कुणी काही दिलेलं नाही. जे आहे ते समोरच्याशी घासाघीस करून, त्याच्या तोंडून काढून घेतलेलं आहे. मी सहसा फसत नाही, आणि म्हणूनच हे मला पचत नाही.

तो पहिल्यांदा आला तोच भांडायला. एका साइटने माझ्याकडून डझनभर हेडसेट नेले होते. त्यातला एक हातात घेऊन हा काळा, काटकुळा, पांढऱ्या मिशांचा माणूस दुकानात शिरला आणि तो त्याने काउंटरवर आपटला.

"बाय, यो तू सवता घालून बगितलास काय?"

"मी कशाला घालू? मी क्रेनखाली उभी राहते का?"

"मंग इकतेस कशाला?"

माझा पारा चढला. मी म्हटलं, दादूस, माल खराब असेल तर बदलून देईन, पण आवाज खाली ठेव. आमच्याकडे आगरी-कोळी वस्तीत वयाने मोठ्या माणसाला दादूस म्हणतात, म्हणून म्हटलं. पुढे तेच त्याचं नाव झालं. खरं नाव मला नंतर एका कागदावरून कळलं, ते इथे लिहीत नाही.

आवाज खाली ठेव म्हटल्याचा त्याच्यावर काडीचा परिणाम झाला नाही. तेव्हा मला तो उद्धट वाटला. त्याने मांडणीवरचं हेल्मेट काढलं, हेडसेट माझ्या डोक्याला अडकवला, त्यावर हेल्मेट दाबलं आणि म्हणाला, "आता धंदा कर. मी बसतो." आणि खरोखर स्टूल ओढून बसला. मी हट्टी आहे. गिऱ्हाईक येत होतं, हसत होतं, मी तसंच माल देत होते. तासाभराने कानाची वरची कडा दुखायला लागली. दोन तासांनी कानावरची गादी घामाने चिकटली आणि तोंडासमोरचा माइक घसरून हनुवटीखाली गेला. मी हेल्मेट काढून आपटलं.

"दोन तास," तो म्हणाला. "आमी धा तास घालतो."

मी तो डझन परत घेतला. आयुष्यात पहिल्यांदा कुणी मागितल्याशिवाय माल परत घेतला. घाऊकवाल्याला फोन करून इतकं बोलले की समोरचा ग्रिलवाला वेल्डिंग थांबवून बघत राहिला.

त्यानंतर दर सुट्टीच्या दिवशी तो यायचा. मुर्ध्याहून रिक्षाने भाईंदर, फाटक ओलांडून पूर्वेला, मग चालत गोडदेव. घाऊकवाला मला नमुने पाठवायचा, मी ते दादूसला दाखवायचे, आणि तो सांगेल तोच माल उचलायचा असा नियम पडून गेला. त्याबद्दल त्याने कधी एक रुपया घेतला नाही. मी देऊ केला तेव्हा रागावला. त्याला हवे असायचे रिकामे खोके. त्याची बायको सुके बोंबील विकायची आणि माझ्या दुकानात येणारे जाड पुठ्ठ्याचे खोके तिला फार आवडायचे. संध्याकाळी डोक्यावर चार रिकामे खोके घेऊन तो नाक्याकडे निघायचा, आणि सबंध शहरात हेडसेटमधलं याच्याइतकं कुणाला कळत नाही असं मी गिऱ्हाइकांना सांगायचे.

त्याची तपासणी बघण्यासारखी असायची. हेडसेट घालून तो आधी वडापाव खायचा. जबडा हलला की माइक तोंडाच्या कोपऱ्यापासून सरकला, तर नापास. "बोलताना त्वांड हलतंच ना, बाय? का तुज्या घाऊकवाल्याचा हलत न्हाय?" मग ओला रबरी हातमोजा घालून, न बघता, छातीवरचं बोलायचं बटण बंद मुठीने दाबायचा. क्रेनखाली उभं राहणाऱ्याचा एक हात लोडला बांधलेल्या दोरीवर असतो, दुसऱ्यात मोजा. नाजूक बटण शोधत बसायला तिसरा हात कुणाला नाही. मग मांडण्यांच्या मधून चालायचा, वाकायचा, वळायचा, आणि वायर कुठे अडकली की तिथेच थांबून माझ्याकडे बघायचा, जणू मीच ओढून धरली आहे. कानावरच्या गाद्या काढून घरी न्यायचा, मिठाच्या पाण्यात भिजवून पत्र्यावर वाळवायचा, असं तीनदा. तडकल्या तर पुढच्या आठवड्यात त्या माझ्या हातावर ठेवायचा, काही न बोलता.

त्याची मतं ठरलेली होती आणि त्यात बदल नव्हता. दोन्ही कान झाकणारा हेडसेट त्याला चालत नसे. "दोन कान झाकला का मानूस आंधला," असं तो म्हणायचा. एक कान रेडिओला, एक साइटला उघडा. कानाऐवजी गळ्याला पट्टा लावायचा एक प्रकार आला होता, तो त्याने दोन मिनिटांत परत केला: "यो कुत्र्याला घाल." आवाज झाला की आपोआप चालू होणारा माइक निघाला तेव्हा घाऊकवाला म्हणाला, बेन, आता बटणाची भानगडच नाही. मला पटलं होतं. दादूसने तो घातला आणि ग्रिलवाल्याच्या दारात जाऊन उभा राहिला. ग्राइंडर सुरू झाला आणि माझ्या हातातल्या सेटमधून नुसता ग्राइंडर ऐकू येऊ लागला. वॉकीटॉकीवर एक बोलत असतो तेव्हा दुसऱ्याचं येत नाही, हे लक्षात घ्या. म्हणजे ग्राइंडर बोलत होता आणि सगळी साइट गप्प. शिवाय तो माइक जागा होईपर्यंत पहिलं अक्षर गिळायचा. "थांब म्हनायला किती अक्षरं लागतात?" त्याने मला विचारलं. "त्यातलं पैलं यानी खाल्लं तं राह्यलं काय?"

ब्लूटूथवाल्यांबद्दल त्याचं म्हणणं असं: "वायर तुटली तं दिसते. ब्याटरी मेली ती कोनाला दिसते?"

मी हे सगळं घाऊकवाल्यावर वापरायचे. तो भाव सांगायचा, मी म्हणायचे, आधी वडापाव खाऊन दाखव. तो म्हणायचा, "बेन, आप तो पागल हो." मी म्हणायचे, पागल असेन, पण डझनाला दोन गाद्या जास्तीच्या दे. दादूसमुळे मी त्याच्याकडून चांगल्यातला चांगला माल काढला. हे खरं आहे, लिहिलं.

आवाजाची परीक्षा शेवटी असायची. तो मला रस्त्याच्या पलीकडे पाठवायचा. आधी तो बोलायचा, मी ऐकायचे. मी हात वर केला की स्पष्ट आलं. मग माझी पाळी. "बोलताना हात वर कर," तो मला बजावायचा, "आनी संपला का खाली कर. शिस्त हाय ती साइटची." मी हात वर करून काहीतरी बोलायचे, हात खाली करायचे, आणि पलीकडून तो मान हलवायचा: पास. एकदा मी वैतागून हात वर केला आणि म्हणाले, दादूस, तुझे बोंबील घाण वास मारतात. त्याने मान हलवली: पास. मी म्हटलं, काय संयम आहे माणसाला.

सहा वर्षं. मी, जिला वजनकाट्याखाली लावलेलं चुंबक लांबून कळतं.

कामावर तो सिग्नलमन होता, म्हणजे खाली उभं राहून वरच्या क्रेनवाल्याचे डोळे व्हायचं. क्रेनवाला इतका उंच बसलेला असतो की इमारतीच्या पलीकडचं त्याला दिसत नाही. खालचा माणूस सांगेल तसा तो हुक हलवतो. त्यात एक रीत आहे: लोड हलतोय तोवर खालच्याने बोलत राहायचं, एक क्षणही थांबायचं नाही. "आने दे, आने दे, आने दे, थोडा, थोडा, आने दे." आवाज थांबला की हुक थांबला पाहिजे, कारण काहीही असो. माणूस पडला, बॅटरी गेली, वायर तुटली, तरी गप्प झालं म्हणजे थांब. मी एकदा त्याच्या साइटवर माल द्यायला गेले तेव्हा ऐकलं. पोथी वाचावी तसा त्याचा एकसुरी आवाज चालला होता, आणि त्या आवाजाच्या दोरीवर सळ्यांचं अख्खं बंडल उतरत होतं. मला अभिमान वाटला. वाटू नये असं काही त्यात नव्हतं.

त्यात त्याने स्वतःची एक भर घातली होती. वरच्याने तोंडाने उत्तर द्यायचं नाही, हुकने द्यायचं. समजलं असेल तर हुक बोटभर उचलून सोडायचा. "त्वांड खोटा बोलतो, हुक न्हाय बोलत," असं तो म्हणायचा. तिथले क्रेनवाले याला हसायचे, पण ऐकायचे. नवा आला की जुना त्याला सांगायचा, दादूस आहे खाली, तोंड बंद ठेव, हुक हलव.

आता मी रात्रंदिवस हेच उगाळत बसते. जो सारखा बोलतोय त्याला ऐकू येतं की नाही, हे कुणाला कळणार? तो बोलत असताना वरून आवाज येऊच शकत नाही. आणि तो गप्प असायचा तेव्हा हुक बोलायचा.

मग तो नवा क्रेनवाला आला. दुसऱ्या शहरातल्या साइटवरून; येऊन दोनच दिवस झाले होते. त्याला कुणी सांगितलं नव्हतं, किंवा सांगून त्याने मनावर घेतलं नव्हतं. दुपारी सळ्यांचं बंडल खाली येत होतं. दादूस बोलत होता, आने दे, आने दे, मग गप्प झाला. हुक थांबला. बंडल कमरेइतक्या उंचीवर लटकत होतं. ते जरा वळवायला दादूस जवळ गेला. बंडल इमारतीच्या अलीकडच्या बाजूला होतं, त्यामुळे वरून क्रेनवाल्याला दिसलं की त्याचा एका बाजूचा पट्टा सरकतोय. तो ओरडला, "दादूस, हटो! पट्टा सरक रहा है! हटो!" तीनदा ओरडला. त्या चॅनेलवर हेडसेट घातलेला आणखी एक कामगार बाजूला होता, त्याने तीनही वेळा ऐकलं आणि तो धावला. पोचेपर्यंत सळ्या सुटल्या. दादूसच्या उजव्या पावलावर.

संध्याकाळी मला साइटवरून फोन आला. सेफ्टी ऑफिसर. "मॅडम, आपका माल फेल हो गया. आदमी का पैर गया है."

रिपोर्टमध्ये लिहिलं गेलं की हेडसेट बंद पडल्यामुळे सूचना पोचली नाही. दुसऱ्या दिवशी ठेकेदारांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर माझ्या दुकानाचा फोटो फिरत होता: इनसे हेडसेट मत लेना. तीन साइट्सनी खोके परत पाठवले. एकाने तर माझ्याकडून घेतलेली हेल्मेटंसुद्धा परत केली. मी विचारलं, हेल्मेट काय बोलतं का रे? तो म्हणाला, "मॅडम, रिस्क नहीं लेना है."

मला दादूसच्या पावलाचं वाईट वाटलं का? वाटलं. पण खरं सांगते, त्याआधी आणि त्याच्याहून जास्त, मला माझ्या नावाचं वाटलं. टेबलापासून दुकानापर्यंत यायला मला किती वर्षं लागली ते मलाच माहीत, आणि एका रिपोर्टातल्या एका ओळीने ते पुसलं जात होतं. मी दुकानाला कुलूप लावलं आणि साइटवर गेले.

ऑफिसच्या केबिनमध्ये सेफ्टी ऑफिसर, प्रोजेक्ट मॅनेजर आणि दोन सुपरवायझर बसले होते. मला बसा म्हणाले नाहीत. मीही बसले नाही.

"हेडसेट कुठे आहे?" मी म्हटलं.

"सील किया है, मॅडम."

"खोलो."

"ऐसे नहीं खोल सकते. प्रोसीजर है."

"मला न दाखवता माझ्या मालाला नापास म्हणायचं, ही कुठली प्रोसीजर? खोला, नाहीतर मी इथेच बसते. तुमचं काँक्रीट येतंय ना चार वाजता? माझ्या अंगावर ओता."

पिशवी उघडली. हेडसेटवर सुकलेला चिखल होता आणि गादीच्या कडेला काळसर डाग. माझा हात एकदा मागे आला. मग मी तो तसाच उचलला, त्याच्याच वॉकीटॉकीला जोडला आणि मॅनेजरच्या हातात दिला. म्हटलं, कानाला लावा. दुसरा सेट घेऊन मी बाहेर गेले, मिक्सर चालू होता तिथे, आणि तिथून बोलले. काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. परत आले तेव्हा मॅनेजरचा चेहरा लाल झाला होता. म्हणजे शब्द न् शब्द पोचला होता.

"चलता है?" मी विचारलं.

"चलता है," तो म्हणाला.

"लिहून द्या."

त्याने लिहून दिलं. मी उभी राहून प्रत्येक ओळ वाचली, एक शब्द बदलायला लावला आणि मग सही घेतली. निघताना सेफ्टी ऑफिसर हळूच म्हणाला, "फिर उसको सुनाई क्यों नहीं दिया?"

मी म्हटलं, "वो आप जानो." आणि बाहेर पडले.

मी जिंकले होते. दुकानात येऊन तो कागद फोटो काढून त्याच ग्रुपवर टाकला. दोन दिवसांत खोके परत गेले. हेल्मेटं परत करणाऱ्याला मात्र मी माल दिला नाही, त्याला म्हटलं, रिस्क नहीं लेना है.

हॉस्पिटलातून दादूसला घरी आणल्यावर मी मुर्ध्याला गेले. खाडीकडच्या बाजूला त्याचं घर. दारात बोंबील सुकवायच्या वलांडी, पलीकडे पूर्वी मिठागरं होती तिथे आता पत्र्यांचं कुंपण. तो आत खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडला होता. पाऊल पांढऱ्या पट्ट्यांत गुंडाळलेलं. मी दारातून हाक मारली. तो हलला नाही. मला वाटलं, झोपलाय. त्याची बायको चुलीपासून उठली, खाटेपाशी गेली आणि त्याला हाक न मारता खाटेच्या पायावर पायाने दोनदा धक्का दिला. तो लगेच वळला, डोळे टक्क उघडे.

ती माझ्याकडे न बघता परत चुलीकडे गेली. इतकी सवयीची गोष्ट होती ती.

मी खाटेसमोर उभी राहिले. तोंडासमोर हात धरला आणि माझ्या नेहमीच्या आवाजात विचारलं, "दादूस, तुला ऐकू येत नाही?"

तो माझ्या हाताकडे बघत राहिला. मग म्हणाला, "हात काड, बाय."

मी हात काढला. परत विचारलं.

"डाव्यानी येतो थोडा," तो म्हणाला. "उजवा पायलिंगच्या, खांब ठोकायच्या हातोड्यानी खाल्ला. लई वरसं जाली."

"वहिनी, तुम्हाला माहीत होतं?"

"मना म्हाईत नसल तं कोनाला?" ती म्हणाली. "त्याच्या शेजारी मी झोपतंय."

मी त्याला जे बोलायचं ते बोलले. मला सहा वर्षं गोडदेवच्या रस्त्यावर हात वर-खाली करायला लावलंस. मी गिऱ्हाइकांना तुझं नाव सांगून माल विकला. मला एकदा सांगितलं असतंस तर? तो माझ्या तोंडाकडे बघून ऐकत होता, आणि मी रागात भराभर बोलत होते, त्यामुळे निम्मं त्याला कळलंही नसेल. शेवटी मी दम घ्यायला थांबले तेव्हा तो म्हणाला, "मी पास क्येलेला एक तरी परत आला काय?"

एकही आला नव्हता. तेच तर मला सहन होत नाही. साधा खोटारडा असता तर मी त्याला केव्हाच मनातून काढून टाकला असता.

"सांगितला असता तं तू मना ठेवला असतास?" तो म्हणाला. "साइटनी ठेवला असता? कान गेला सांगायचा म्हंजे काम गेला सांगायचा."

"आणि पाऊल?"

त्यावर तो पुन्हा भिंतीकडे वळला.

इथे संपलं असतं तर मी हे लिहिलंच नसतं. पंधरा दिवसांनी त्याची बायको दुकानात आली. खोके न्यायला आली असं मला वाटलं. तिने पदराखालून एक फाइल काढली. वर कंपनीचं पत्र होतं. हेडसेट चालू स्थितीत असल्याचं सिद्ध झालेलं आहे; कामगाराने ऐकण्यातला दोष कंपनीपासून लपवला; सबब पुढच्या उपचारांचा खर्च कंपनी करणार नाही. पत्रासोबत पुरावा म्हणून माझाच कागद जोडला होता. तोच, मी उभी राहून लिहून घेतलेला, एक शब्द बदलायला लावलेला.

ती मला काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. मला भांडता येतं.

"अजून एक आपरेशन सांगितलाय," ती म्हणाली. "न्हायतं घोट्यापासून काडावा लागंल. तूच वाच, बाय, मना येत न्हाय."

मी पत्राखालचे कागद चाळले. साइटवर दर वर्षी कामगारांची तब्येत तपासतात, त्याचे दाखले होते. सहा वर्षांचे सहा. वजन, रक्तदाब, नजर. आणि प्रत्येकावर एक ओळ: श्रवण, दोन्ही कान सामान्य. सहाही ठिकाणी डॉक्टरच्या जागी एकाच हाताची, एकाच वळणाची सही, खाली शिक्का. त्याच्या शेजारी सेफ्टी ऑफिसरची सही, पाहिलं म्हणून.

मी दुकान बंद केलं आणि तिच्याबरोबर मुर्ध्याला गेले. दादूससमोर ते सहा कागद पसरले.

"यात कान कसा तपासला?"

तो हसला. त्या सगळ्या दिवसांत मी त्याला तेव्हाच हसताना पाहिलं. "कान कोन बगतो, बाय? पन्नास मानसं रांगेत. वजन घेतात, दंडाला पट्टा लावतात, शिक्का मारतात. खलास."

"तुझं नाव पुकारल्यावर तुला कळायचं कसं?"

"मागचा ढकलायचा."

तेव्हापासून मला स्वस्थता नाही. दुकानात गिऱ्हाईक भाव विचारतं आणि मी दुसराच आकडा सांगते. घाऊकवाला परवा म्हणाला, "बेन, आजकल आप झगडा नहीं करते, तबीयत ठीक है?" माझ्या हेडसेटला दोष दिला तेव्हा त्यांना दाखल्यांची आठवण झाली नाही. माझा हेडसेट सुटला तेव्हा त्यांनी म्हाताऱ्याला पुढे केलं. आणि त्याला पुढे करायला माझाच कागद वापरला. मी तिथे जाऊन विचारलं, तेव्हा मॅनेजर म्हणाला, मॅडम, आपका तो क्लियर हो गया ना, अब आप क्यों? सेफ्टी ऑफिसर सुट्टीवर आहे. महिना झाला, तो सुट्टीवरच आहे.

माझ्या वाट्याचं उत्तर मी देते. मी चालणारा माल विकला, पण जो माझा माल पास करायचा त्याच्याकडे मी कधी नीट पाहिलं नाही, कारण तो पास म्हणाला की माल खपायचा. दादूसने मला फसवलं, तेही खरं, आणि त्याचं उत्तर तो रोज त्या खाटेवर देतोय. पण त्याने लपवलं म्हणता? जो कान कुणी तपासलाच नाही, तो त्याने लपवला कसा? सहा वर्षं, सहा वेळा, एका माणसाने न बघता लिहिलं की याला ऐकू येतं, दुसऱ्याने ते पाहिलं म्हणून सही ठोकली, आणि त्या दोन सह्यांच्या भरवशावर त्याला सळ्यांखाली उभं केलं.

सही वळणदार आहे, नाव लागत नाही. शिक्काही अर्धाच उमटलाय. ज्याची असेल त्याने पुढे यावं. माझ्या दुकानात यायची गरज नाही. मुर्ध्याला जावं, त्याच्या खाटेसमोर उभं राहावं, तोंडावर हात न धरता सांगावं की मी तुझा कान कोणत्या दिवशी, कोणत्या यंत्राने तपासला. आणि मोठ्याने सांगावं. त्याला ऐकू येत नाही.